दातदुखीच्या संताची टीप

फोन आला तेव्हा डॉक्टरीणबाईंचा उजवा हात एका बस-ड्रायव्हरच्या तोंडात होता. गडी दाराएवढा, पण सुई बघितल्याबरोबर त्याच्या कपाळावर घाम जमला होता आणि खुर्चीचे दोन्ही हात त्यानं गच्च धरले होते. मदतनीस बाईंनी फोन तिच्या कानाशी नेला. प्रकाशन संस्थेतली संपादक बोलत होती, नेहमीपेक्षा बरीच हळू.

“डॉक्टर, एक मिनिट आहे का? सरांच्या अनुवादातल्या टिपांचं बोलायचं होतं.”

“बोला ना. हात अडकलेत, कान मोकळे आहेत.”

“एक टीप वाचूनच दाखवते. संत मार्टिनची. ऐका हं. ‘घोडदळातला शिपाई. ऐन थंडीत शहराच्या वेशीपाशी उघडा भिकारी दिसला, तेव्हा अंगावरचा झगा तलवारीनं मधोमध कापून अर्धा त्याला दिला. उरलेल्या अर्ध्यातून त्याच्या बायकोनं मुलीला शाळेसाठी कोट शिवला. कोटाला खिसे नव्हते म्हणून मुलगी तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी खिसे लावले. आधार : स्वतः हजर होतो.’”

तिनं इंजेक्शन ठरल्या जागी, ठरल्या वेगानं दिलं. ड्रायव्हरला म्हणाली, “झालं, आता पाच मिनिटं नुसतं बसायचं.” हातमोजे काढले, फोन स्वतःच्या हातात घेतला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही बसायला काहीतरी हवं आहे. कोट तपकिरी होता. नानांचा जुना ओव्हरकोट एका बाजूनं कसरीनं खाल्ला होता, म्हणून आईनं चांगला भाग तेवढा कापून घेतला होता. खिसे नव्हते हे खरं. तीन दिवस आपण रुसलो हेही खरं. फार तर अडीच. इतकी वर्षं तो कोट तिला आठवला नव्हता आणि आता त्याच्या कॉलरची खाज मानेला लागत होती.

“अशा किती आहेत?” तिनं विचारलं.

“चौतीसपैकी अकरा. पहिल्या तेवीस चोख आहेत, नेहमीसारख्या. मग हळूहळू... म्हणजे सुरुवात संताची असते, पण मध्येच कुठंतरी घरात शिरते.” संपादक थांबली. “सोमवारी पुस्तक छापायला जायचंय, डॉक्टर. दोन वाटा आहेत. एक तर या अकरा टिपा तुम्ही दुरुस्त करून द्या. नाव सरांचंच राहील, त्यांना कळायचीही गरज नाही. नाहीतर, खरं सांगू का, मला त्या फार आवडल्या. मी दोनदा हसले आणि एकदा रडले. आहेत तशाच छापू. प्रस्तावनेत लिहू, की शेवटी शेवटी अनुवादकाची स्मृती जरा... लोक पुस्तक डोक्यावर घेतील.”

“डोक्यावर घेतील का हसतील?”

“दोन्ही,” संपादक म्हणाली. मुलगी प्रामाणिक होती, एवढं मान्य करायला हवं. “तिसरी वाट म्हणजे सरांना सांगणं. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

“माझ्याच्यानं होईल,” ती म्हणाली, कारण अशा वेळी ती असंच म्हणत आली होती. आपल्याच्यानं होईल की नाही याचा विचार वाक्य बोलून झाल्यावर करायचा, हा तिचा जन्माचा शिरस्ता. त्यावर तिचं बरं चाललं होतं. फोन ठेवून ती ड्रायव्हरकडे वळली, त्याची दाढ दोन हेलकाव्यांत मोकळी केली आणि ताटलीत ठेवली. त्या धिप्पाड माणसानं ती दाढ बघितली, तोंडात कापूस असतानाच “काहीच कळलं नाही हो” असं काहीसं म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घाबरलेली माणसं सुटका झाली की रडतात, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं, पण मनात एकच घोळत होतं, की नानांनी ‘हजर होतो’ असं लिहिलंय. हजर तर ते होतेच. खिसे त्यांनीच लावून घेतले होते, आईला रात्रभर टुमणं लावून.

नाना म्हणजे तिचे वडील, संपादकाचे ‘सर’, वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासणारे. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात ज्याचं आयुष्य गेलं तो माणूस स्वतः काही लिहायला धजत नाही. म्हणून नानांनी अनुवाद केला. तोही कशाचा, तर स्पेनमधल्या त्या चारशे वर्षांच्या जाडजूड, हसवणाऱ्या कादंबरीचा, ज्यात शूरांची पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलेला एक कृश म्हातारा घोड्यावर बसून जग सुधारायला निघतो आणि बरोबर एका पोटसुट्या शेतकऱ्याला नेतो. जुन्या बाजारातून आणलेलं व्याकरण आणि जहाजावर कारकुनी केलेला एक शेजारी, एवढ्या भांडवलावर नाना स्पॅनिश शिकले. सव्वीस वर्षं लागली. आई म्हणायची, या घरात आम्ही तिघं आणि ते दोघं, असे पाच जण राहतो. आणि त्या दोघांचं ऐकलं जातं. अनुवाद पुरा झाला, आई गेली, शेजारी गेला, आणि उरल्या त्या संतांच्या टिपा. कारण त्या पुस्तकात पानोपानी कुणीतरी कुठल्यातरी संताची शपथ घेतो, संताच्या सणाला कुणाचंतरी डुक्कर कापलं जातं, संताच्या नावानं म्हण येते आणि आपला वाचक तिथं ठेचकाळतो. ठेच लागली तर हसू येत नाही, असं नानांचं म्हणणं. म्हणून प्रत्येक संताचं एक कार्ड. वर नाव, मध्ये माहिती, खाली आधार, आणि आधार दोन. एका पुस्तकात सापडलं म्हणजे ऐकीव, दोन पुस्तकांत सापडलं म्हणजे टीप. एकदा एका संताचा दुसरा आधार मिळेना, तर नाना पाच महिने थांबले होते. तेवढ्या वेळात तिचं लग्न ठरून झालंसुद्धा.

दुपारी मदतनीस बाई जेवायला गेल्या. संपादकानं पाठवलेली पानं तिनं दवाखान्यातच छापून घेतली आणि रुग्णाच्या खुर्चीत बसून वाचायला लागली, कारण खोलीतली तीच एक खुर्ची मागे रेलता येईल अशी होती. संत पॉल घोड्यावरून पडला, तीन दिवस त्याला दिसेना, हे ठीक. पण चौथ्या दिवशी त्यानं चष्म्याचा नंबर बदलून घेतला आणि मग सायकलचा नाद कायमचा सोडला. संत जॉर्जनं अजगर मारून राजकन्येला सोडवलं. ही लढाई न्हाणीघरात झाली, हातात कपडे धुण्याचं धोपटणं होतं, आणि अजगर मेल्यावर मोजला तर वीतभर भरला, तरी थोरले बंधू जन्मभर तो वाढवत राहिले. हे वाचून तिला हसू फुटलं. काका गेल्यावर तेराव्या वर्षी का होईना, अजगर एकदाचा खऱ्या मापाचा झाला होता. मग तिला आठवलं, की याच संतांवरून नाना जेवणाच्या टेबलावर एक नाटक करायचे. कादंबरीत एके ठिकाणी तो म्हातारा सरदार रस्त्यानं जाताना बघतो, तर गवतावर काही माणसं बसून खातायत आणि शेजारी पांढऱ्या चादरींखाली काहीतरी झाकून ठेवलंय. तो म्हणतो, उघडा बघू. एकेक चादर निघते, खाली लाकडात कोरलेले संत, देवळात बसवायला चाललेले. मार्टिनची चादर निघाल्यावर म्हातारा म्हणतो, थंडीचे दिवस असणार, नाहीतर इतका उदार माणूस अर्ध्यावर थांबला नसता. नाना मिठाची बाटली, मिरपूड, लोणी यांच्यावर हातरुमाल टाकायचे आणि एकेक उघडत तो प्रवेश करायचे, आणि आई म्हणायची, लोणी वितळतंय, तुमचे संत आवरा.

अकरावं पान शेवटी होतं. त्यावर नाव होतं संत अपोलोनियाचं. हिला ती ओळखत होती. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला नानांनी तिला हिचं चित्र पाठवलं होतं, हातात चिमटा आणि चिमट्यात दात. दात दुखला की लोक हिची प्रार्थना म्हणतात. त्या कादंबरीत हिच्यावरून एक थट्टाही आहे : घरकाम बघणारी बाई मालकाच्या काळजीनं रडत असते, तर गावातला एक शिकलेला टवाळ तिला ही दातांची प्रार्थना म्हणायला सांगतो, आणि ती बाई, अडाणी पण शहाणी, म्हणते की माझ्या मालकाचं दुखणं दातात असतं तर प्रश्न नव्हता, ते आहे टाळक्यात. घरात या थट्टेवर कितीदा हसले होते सगळे. नाना, आई, ती. आता रिकाम्या दवाखान्यात, चिमट्यांच्या ट्रेशेजारी, तिला ती थट्टा सरळ अंगावर आल्यासारखी वाटली. दातांचं दुखणं असतं तर नानांची मुलगी होतीच की इथं.

टीप अशी होती : ‘दातदुखीची संत. छळ करणाऱ्यांनी हिचे दात पाडले आणि जाळण्याची धमकी दिली, तेव्हा ही आपणहून आगीत चालत गेली. हिच्या बापानं हिला दातांच्या दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. आतून कुणाचं तरी ओरडणं ऐकू आलं. बापाचे पाय लटपटले. पोस्टात काम आहे असं सांगून तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि बंद दुकानाच्या पायरीवर कानांवर हात ठेवून बसला. पोस्टाला त्या दिवशी सुट्टी होती. मुलगी नऊ वर्षांची. बाहेर आली तेव्हा तोंडात कापूस होता, तरी तिनंच बापाचा हात धरून त्याला घरी आणलं. बापानं तिला खरं कधी सांगितलं नाही. आधार : स्वतः हजर नव्हतो.’

ती पुन्हा वाचायला लागली आणि ‘पोस्टाला सुट्टी होती’ इथंच थांबली. कारण ही गोष्ट तिचीच होती, पण तिच्याकडे होती ती वेगळी. तिच्या गोष्टीत नाना दवाखान्याच्या पायरीशी वाकतात, तिची वेणी सारखी करतात आणि म्हणतात, “तू जा आत. मी पोस्टात जाऊन येतो. तुला माझी काय गरज?” आणि ती जाते. आत खुर्ची उंच, डॉक्टरांच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास, खिडकीत एक मांजर. दात निघतो. बाहेर नाना उभे असतात आणि म्हणतात, “मला माहीतच होतं.” एवढंच वाक्य, पण त्यावर तिनं पुढची पंचेचाळीस वर्षं बांधली होती. तोंडी परीक्षेत पाच म्हातारे परीक्षक समोर बसले, तेव्हा ती मनात म्हणाली होती, नानांना माहीत आहे. पहिला दात उपटताना, पहिल्यांदा एकटीनं गाडी चालवताना, नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवून दोन बॅगा घेऊन जिना उतरताना, दरवेळी. माझी मी मला पुरते, असं जे तिच्या चालण्याबोलण्यात लोकांना दिसायचं, काहींना आवडायचं, काहींना खुपायचं, त्याचं मूळ म्हणजे एक बाप आपल्या लेकीवर निर्धास्त विसंबून पोस्टात निघून गेला होता. आणि पोस्ट बंद होतं. बाप कोपऱ्यावर कान झाकून बसला होता. घाबरट कुठले, तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ राग आला, खरा, तोंड कडू करणारा. सांगायचं होतंत ना. तेव्हा नाही तर नंतर, मी डॉक्टर झाल्यावर, हसत हसत. मला नाही सांगितलंत आणि छापखान्याला सांगताय.

मग राग ओसरला आणि त्याच्या जागी दुसरंच काही येऊन बसलं, जे जास्त वाईट होतं. मला कसं कळलं नाही? सहा महिन्यांपूर्वी तिनं नानांना नवी कवळी बसवून दिली होती. नाना आरशात बघून म्हणाले होते, “हे तोंड कुणाचं?” ती हसली होती. घरी गेल्यावर ते कधी “आलीस?” म्हणत, कधी “या.” ‘या’ म्हणाले की तिला वाटे, थट्टा करतायत, डॉक्टरीणबाईंना मान देतायत. सांभाळायला येणाऱ्या मावशींनी दोनदा सांगितलं होतं, “साहेब मला विचारतात, पोरगी शाळेतून आली का म्हणून.” तिनं त्यांना समजावलं होतं, की वयानं होतं असं. खरी गोष्ट अशी, की नानांचा आत्मविश्वास कधी कमी झालाच नाही. ज्याला आठवत नाही तो चाचरतो, अडखळतो, असं तिला वाटायचं. नाना ठणकावून बोलत राहिले. आतून माहिती गळत गेली आणि आवाज तसाच राहिला. त्या खणखणीत आवाजावर ती फसली, आणि फसणं सोपं होतं, कारण तो आवाज तिचाही होता.

तिनं चारनंतरच्या रुग्णांना उद्याच्या वेळा द्यायला सांगितलं आणि पानं पिशवीत घालून चालत निघाली. चालता चालता तिनं दोन्ही वाटा पुन्हा तपासल्या. गुपचूप दुरुस्त करणं तिला सहज जमलं असतं. दोन संध्याकाळी, दोन पुस्तकं. पण रुग्णाला न सांगता तिनं आजवर कुणाची दाढ काढली नव्हती. ग्लानीतल्या माणसाचीसुद्धा नाही. आणि आहे तसं छापणं? त्या कादंबरीतल्या मोठ्या घरच्या लोकांची तिला आठवण झाली, जे त्या वेड्या म्हाताऱ्याला कौतुकानं घरी ठेवून घेतात, त्याला घोड्यावर बसवतात, नवनवे खेळ रचतात आणि पोट धरून हसतात. सगळं प्रेमानंच. नाना अनुवाद करताना त्या भागाशी आले की घरात कुणाशी बोलत नसत. नाही, तसं होऊ द्यायचं नाही. सांगून टाकायचं. नाना, तुमचं विसरायला होतंय, टिपांत गोंधळ झालाय, आता हे काम थांबवू. तीन वाक्यं. ती तिनं रस्ता ओलांडताना म्हणून पाहिली आणि तिसऱ्या वाक्याशी ती थांबली. हे काम थांबलं की नानांजवळ काय उरणार होतं? सकाळी उठून टेबलाशी बसायला कारण उरलं नसतं. सव्वीस वर्षांचं पुस्तक, आणि त्याच्या शेवटच्या अकरा पानांवर लेकीनं येऊन पेन काढून घ्यायचं. तरी सांगायचंच, तिनं ठरवलं. तिचं ठरलं की ठरलं.

“या,” नाना म्हणाले. म्हणजे आज ‘या’ होतं.

ते खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते, दाढी केलेली, शर्टाची बटणं वरपर्यंत लावलेली. मावशी पलीकडे मटार सोलत होत्या. तिनं खुर्ची ओढली, पानं टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “नाना, थोडं महत्त्वाचं बोलायचंय.” पण टेबलावर छापील कागद येणं आणि नानांनी स्वस्थ बसणं या दोन गोष्टी एकत्र कधी झाल्याच नव्हत्या. त्यांनी पानं स्वतःकडे ओढली, खणातून लाल पेन्सिल काढली, चष्मा पुसला आणि पट्टी हाताशी घेतली.

“जॉर्ज,” ते म्हणाले. “अजगर ठीक. राजकन्या ठीक. न्हाणीघर? न्हाणीघर कुठून आलं यात? कुठल्याच प्रतीत नाही.” पट्टी ठेवून त्यांनी तीन ओळी सरळ रेषेनं मारल्या. “आणि हे काय? ‘आधार : स्वतः हजर होतो.’ कोण हजर होता? हा माणूस काय सतराशे वर्षांचा आहे?”

मावशी खुदकन हसल्या. तिलाही हसू आवरलं नाही. नाना हसले नाहीत. त्यांनी पॉल घेतला, घोडा ठेवला आणि सायकल काढली. तीन दिवसांचं आंधळेपण ठेवलं, चष्म्याचा नंबर काढला. पेन्सिल जिथं टेकायची तिथंच टेकत होती. तयार केलेली तिन्ही वाक्यं विसरून ती बघत राहिली. अकरापैकी एकातही त्यांचा नेम चुकत नव्हता. जे संताचं होतं ते राहत होतं आणि जे त्यांचं होतं ते जात होतं, आणि आपलं कुठलं हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणूनच बहुधा ते इतकं अचूक जात होतं. मार्टिनशी ते घुटमळले. “गोष्ट बरी आहे,” ते म्हणाले, “पोरीनं खिशांसाठी रुसणं वगैरे. पण ही टीप नव्हे.” कोट गेला. खिसे गेले. आता त्या खिशांना साक्षीदार म्हणून जगात ती एकटीच राहिली, हे तिला कळलं.

“हे लिहिलंय कुणी?” नानांनी चष्म्यावरून बघितलं.

सांगण्याची वेळ हीच होती. इतकी सरळ वेळ पुन्हा आली नसती. “मी,” ती म्हणाली.

“तुम्ही?” नाना तिला नखशिखांत न्याहाळत होते. “शिकलेल्या दिसता. मग एवढं कळू नये? वाचक बिचारा संत शोधायला आलाय, आणि तुम्ही त्याचा हात धरून त्याला स्वतःच्या घरात नेऊन बसवता. चहा पाजता. त्याचं काम राहिलं बाजूला.”

“चुकलं.”

“चुकणारच. पहिलंच काम दिसतंय. दोन आधार घ्यायचे, बाई. स्वतःचा आधार स्वतःला धरता येत नाही.” हे त्यांनी रागानं म्हटलं नव्हतं, नवशिक्याला सांगावं तसं, जरा मायेनंच. “आणा ते शेवटचं.”

शेवटचं पान तिनं हाताखाली धरून ठेवलं होतं, हे तिला तेव्हा समजलं. तिनं हात काढला. नाना वाचायला लागले. ओठ हलत होते. अर्ध्यावर ते थांबले, पुन्हा वरपासून सुरू केलं, आणि त्यांची जीभ कवळीवरून गालाच्या आतून फिरताना तिला दिसली. तिला एकाच वेळी दोन्ही हवं होतं : त्यांना आठवावं आणि आठवू नये. आठवलं तर आपण काय लिहून बसलो ते त्यांना कळणार. नाही आठवलं तर ती पायरी, ती वेणी, ते ‘मला माहीतच होतं’ आता दोघांचं राहणार नाही. मावशींच्या हातातल्या मटाराच्या शेंगा तडतडत होत्या.

“बाप भित्रा होता,” नाना म्हणाले.

“नव्हता हो.”

“होता. लिहिलंय की इथं. पाय लटपटले.”

“पण मुलीला वाटायचं,” ती म्हणाली, “त्याचा आपल्यावर भरवसा होता, म्हणून तो गेला.”

नाना विचारात पडले. हा विचार खरा होता, मुद्रिताच्या समासात शंका लिहिण्यापूर्वी ते करायचे तसा. “ते वेगळं,” ते अखेरीस म्हणाले. “पळाला तो स्वतःच्या भीतीनं. मुलीबद्दल भीती वाटली असती, तर तिलाही ओढत घेऊन पळाला असता. कुठला बाप असा सोडून जाईल? तिला सोडलं, म्हणजे तिची चिंता नव्हती.” त्यांनी पट्टी सरळ केली. “पण माफ करा, हे जायला हवं. मुलगी चांगली आहे. संत नाही.”

“काढा,” ती म्हणाली. दाढ काढायची ठरली की ती रुग्णाशी बोलायची त्याच आवाजात, स्वच्छ.

लाल रेघ ‘हिच्या बापानं’ इथून निघाली आणि दर ओळीवर एक अशी खाली उतरत गेली. दात पाडणारे राहिले, आग राहिली, आणि त्यात आपणहून चालत जाणारी ती राहिली. समासात नानांनी आपली बारीक सही केली, ‘तपासले’ असं लिहिलं आणि तारीख घालायला थांबले. तारीख तिनं सांगितली. सोमवारी जे छापायला जाणार होतं ते आता अनुवादकानं स्वतः तपासलेलं होतं. तिनं एक अक्षर घातलं नव्हतं आणि त्यांच्यापासून काही चोरलंही नव्हतं. अजून तेवीस टिपांची मुद्रितं यायची होती, तीही याच टेबलावर येतील, हे तिनं तिथंच मनाशी पक्कं केलं. संपादकाला ती तसं ठणकावून सांगणार होती.

नाना मात्र त्या पानावरून हात काढेनात. खोडलेल्या ओळींवर त्यांचं बोट फिरत होतं, रेघेखालचं अजून वाचता येत होतं.

“हिचं पुढं काय झालं?” त्यांनी विचारलं.

“कुणाचं?”

“या मुलीचं. कापूस तोंडात धरून आली ती.”

“दातांची डॉक्टर झाली,” ती म्हणाली.

“होणारच होती,” नाना ठामपणे म्हणाले, आणि त्यांनी पान उलटं करून बाजूला ठेवलं.